सातव्या दगडाजवळ पाच मिनिटं

१९९९ साल. ओगले सर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते आणि मी बावन्न. म्हणजे मोठा मी. हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. कॉलेजात शिकवणारी माणसं जंगलात आली की चौकीवरच्या माणसाला "अरे ए" म्हणून हाक मारतात, ते मला खपत नव्हतं. सरांनी ऐकून घेतलं, छत्री मिटली आणि म्हणाले, "मग मी तुम्हाला झनकभाऊ म्हणतो. तुम्ही मला काहीही म्हणा, फक्त हळू म्हणा. आत मंडळी बसली आहेत."

मंडळी म्हणजे बेडूक.

मी तेव्हा नवेगावच्या जंगलात राखणदार होतो. नाव झनकलाल, जात पोवार, शाळा तिसरीपर्यंत, तीही दरवर्षी धानाच्या रोवणीत बुडालेली. घरच्या धानाच्या बांध्या तीन भावांत वाटल्या तेव्हा मी जंगलात कामाला लागलो. कोणत्या पाणवठ्यावर कोणतं जनावर कधी येते, हे मला कागद न बघता सांगता येत होतं आणि त्याचा मला ताठा होता. अजूनही आहे. त्यामुळे गोंदियाहून लुना चालवत आलेला हा मास्तर बेडूक मोजणार म्हणतो, हे ऐकून मला हसूच आलं.

"वाघ सोडून बेडूक मोजाले आले? काऊन जी, सजा दिली का कोणी?"

"वाघ मला बघून निघून जाईल. बेडूक बसून राहतो. मला धावता येत नाही हो."

आणि खरंच येत नव्हतं. उंच माणूस, खांदे पुढे पडलेले, चष्म्याची एक काडी सुतानं बांधलेली, पँटचे पाय मोज्यात खोचलेले. मूळचे सांगलीकडचे. लग्न केलं नव्हतं. गोंदियात अर्धं गाव हिंदी बोलते, आमच्या घरात पोवारी, जंगलात झाडीची बोली. सर मात्र सगळ्यांशी आपल्या सांगलीच्या भाषेत 'अहो' करून बोलायचे. रिक्षावाल्याला अहो, चौकीवरच्या कुत्र्याला अहो. बेडूक हातात घेऊन मापला की त्याला पाण्याच्या कडेला ठेवायचे आणि म्हणायचे, "माफ करा हं, बसा." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मागं वळून पाहिलं, की मला म्हणून राहिले का काय.

काम सोपं होतं आणि म्हणूनच कठीण होतं. नाल्याच्या काठानं आणि बोड्यांच्या कडेनं त्यांनी दहा जागा ठरवल्या. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. प्रत्येक जागी एक दगड, दगडावर चुन्यानं आकडा. आषाढापासून कोजागिरीपर्यंत दर सोमवारी, दिवस बुडाला की पहिल्या दगडापासून निघायचं. प्रत्येक दगडाजवळ पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. बॅटरी बंद, तोंड बंद. कोण बोलते ते ऐकायचं आणि वहीत आकडा लिहायचा. एकदोन वेगळे ओळखू आले तर एक. आवाजात आवाज मिसळले तर दोन. कान भरून गेला तर तीन. कोणीच नाही, तर शून्य. दरवर्षी तेच दगड, तोच सोमवार, तीच पाच मिनिटं.

"किती वर्षं जी असं?"

"जमतील तितकी. एका वर्षाच्या आकड्यात काही नसतं झनकभाऊ. एक वर्ष पाऊस कमी, एक वर्ष जास्त. दहा-बारा वर्षांचे आकडे ओळीनं लावले की मग कळतं, मंडळी आहेत की चालली."

नावं मी दिली. सरांजवळ प्रत्येकाचं इंग्रजीसारखं लांबलचक नाव होतं, ते म्हणता म्हणता बेडूक पळून जाईल. मी म्हटलं, हा टक टक करते, पाण्यावरच्या फांदीला फेस लावून अंडी घालते, हा सुतार. पिवळा धमक, हंबरते, तो रेडा. घोळक्यानं घरघर करते, गोंदियाच्या राइस मिलसारखा, तो मिलवाला. आणि सगळ्यात लहान, अंगठ्याच्या नखाएवढा, पण आवाज असा की कंगव्याच्या दातांवरून कोणी नख ओढून राहिलं, तो कंगवा. सर हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि त्यांच्या नावांसमोर माझी चारही नावं लिहिली. त्या दिवसापासून मी त्यांना मास्तर म्हणणं सोडलं, सर म्हणायला लागलो.

एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे जाताना बूट धुवायचे, हा त्यांचा नेम. पाठीवरच्या झोळ्यात बाटली आणि जुना दात घासायचा ब्रश. प्रत्येक दगडाजवळ खाली बसून तळवे घासायचे. म्हणायचे, बेडकांना कातडीचा रोग होतो, तो चिखलातून जातो, आपण हमाली करायची नाही. मी अनवाणी. मला म्हणाले, "पाय पुढे करा."

"माझे पाय जन्मापासून याच चिखलात आहेत. आता कायले धुता?"

"तुमचे पाय चांगलेच आहेत. चिखल मात्र तीन नंबरचा आहे, चार नंबरला नको."

मी पाय पुढे केले नाहीत. तेव्हा ते स्वतःच वाकले आणि माझे पाय धुवायला लागले. मी ओरडलोच, "काय करता जी, पाप लावता का मले!" पुढच्या सोमवारपासून मी माझी स्वतःची बाटली आणली. हट्टी मी होतोच, पण हा माणूस माझ्यापेक्षा हट्टी निघाला.

एकदा नागपूरहून एक मोठे साहेब बाईसाहेबांना घेऊन आले. त्यांना बेडूकमोजणी पाहायची होती. पाचव्या दगडाजवळ आम्ही उभे. दुसऱ्या मिनिटाला साहेब म्हणाले, "वा, क्या बात है." सरांनी घड्याळावर बोट ठेवलं. "पहिल्यापासून." साहेबांना वाटलं गंमत आहे. तिसऱ्या मिनिटाला ते खोकले. "पहिल्यापासून." मी म्हटलं, संपलं. हा माणूस माझ्यासकट बाहेर जाणार आता. पण साहेब गप्प झाले, आणि पूर्ण पाच मिनिटं हातावरचे मच्छर न मारता उभे राहिले. शेवटी बाईसाहेब सरांना म्हणाल्या, "घरी पण असं करता येईल का हो?"

सोमवारी मोजणी संपली की सर आमच्याकडे जेवायचे. माझी बायको फुलवंता त्यांना भात आणि लाखोरीची डाळ वाढायची. सांगलीचा माणूस, भाकरीवर वाढलेला, पहिल्या वर्षी ताटाकडे बघून विचारलं, "भाकरी नाही का?" फुलवंता म्हणाली, "इथं धान पिकते जी. भाकरी पाहिजे तर सांगलीले बेडूक मोजा." पुन्हा कधी विचारलं नाही. भात मात्र भाकरीसारखा बोटांनी दाबून दाबून खायचे.

२००४ मध्ये एक गोष्ट झाली. सातवा दगड रस्त्याच्या खाली, पळसाजवळच्या खोलगट जागेत. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी साचायचं. कंगव्यांचं ते माहेरच. त्या सोमवारी कंगवे असे सुटले होते की मला दात आंबल्यासारखं झालं. पाच मिनिटं झाली. सरांनी बॅटरी लावली, आणि कंगव्यापुढं शून्य लिहिलं.

"काय लिहून राहिले सर? कंगवा बोंबलून राहिला ना!"

"कुठे?"

"तुमच्या पायाजवळ."

ते खाली बसले. कानामागं हात धरला. मग दुसऱ्या कानामागं. चेहरा असा झाला की मला बॅटरी दुसरीकडे फिरवावी लागली. शून्यावर त्यांनी आडवी रेघ मारली, बाजूला तीन लिहिलं. खोडरबर त्यांनी कधी वापरलं नाही; चूकसुद्धा दिसली पाहिजे म्हणायचे.

"बारीक आवाज गेले वाटतं माझे. कधीपासून गेले असतील हो? मागचे सगळे आकडे..."

"मागचं बरोबर आहे. दरवेळेस मी बोलतो, मग तुम्ही लिहिता. आज मी तंबाखू मळून राहिलो होतो, म्हणून बोललो नाही."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की बाजूचा एक सुतार गप्प झाला. वहीत नवीन पान काढून वर लिहिलं : 'कान – झनकलाल. हात – ओगले.' ते पान मी गावात दाखवायला मागून नेलं होतं. सरपंचाला दाखवलं, जावयाला दाखवलं. तिसरी न झालेल्या माणसाचं नाव कॉलेजच्या वहीत, आणि तेही वर.

२००७ मध्ये मी नोकरीतून सुटलो. सरांचे गुडघे धरायला लागले होते, ते महिन्यातून एका सोमवारी यायचे. बाकीचे सोमवार माझ्या एकट्याचे. वही माझ्याजवळ राहू लागली. वर आता लिहिलेलं होतं : 'कान आणि हात – झनकलाल.'

आणि त्याच वर्षी कंगवा सातव्या दगडावरून गेला.

आता जे सांगतो ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण सरांचं सांगायचं तर हे गाळता येत नाही. मी अर्धी जिंदगी मस्टरवर काम केलं. आमच्या बाबूची पद्धत अशी, की हजर माणसासमोर एक आणि गैरहजर माणसासमोर शून्य. शून्य म्हणजे आलाच नाही. घरी झोपला. मी कधी शून्य लागू दिलं नाही, तापातसुद्धा नाही. आणि आता गावात लोक म्हणून राहिले होते, "म्हातारा घरी झोपते आणि वही भरते." मी सातव्या दगडाजवळ पाच मिनिटं उभा. मग दहा मिनिटं. कंगवा नाही. हातात पेन, आणि हात शून्य काढायला तयार नाही. मी एक लिहिला. मनात म्हटलं, एखादा असेल दूर, पुढच्या सोमवारी बोलेल. पुढच्या सोमवारी पुन्हा एक लिहिला. असे चार पावसाळे गेले. सर यायचे, पान बघायचे, म्हणायचे, "सातवर कमी झालेत, पण आहेत. चिवट जात आहे." मी मान हलवायचो.

२०११ मध्ये सर साठ वर्षांचे झाले आणि कॉलेजातून निवृत्त झाले. सांगलीला बहिणीकडे राहायला जायचं ठरलं. निरोपाच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी त्यांना कानात घालायचं मशीन दिलं. श्रावणात ते मशीन घालून आले, गावात बस थांबली तेव्हापासून हसत. "झनकभाऊ, सगळं ऐकू येतंय हो! तुमच्या चपलेचा एक अंगठा सैल आहे, तोही ऐकू येतो. आज मला फक्त सातवर न्या. सात वर्षं झाली कंगवा ऐकून."

नको म्हणावंसं वाटलं. पण मी नेलं.

सातव्या दगडाजवळ ते उभे राहिले, डोळे मिटून, लग्नात अक्षता पडायची वाट पाहतात तसे. सुतार बोलला, लांबून रेडा बोलला, प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलवली. पाच मिनिटं झाली. त्यांनी मशीन काढलं, फुंकर मारली, पुन्हा घातलं. आणखी पाच मिनिटं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बोलतोय का हो?"

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते असं : "हो जी. बोलून राहिला."

त्यांनी मशीन काढून डबीत ठेवलं. डबीचं झाकण लागायचा आवाज मला अजून ऐकू येते. म्हणाले, "म्हणजे तेवढा आवाज कायमचा गेला. असू द्या. एवढ्या वर्षांत बाकीच्यांनी पुष्कळ ऐकवलं." त्या दिवशी जेवताना ते मशीनशिवाय बसले. फुलवंता दोनदा "अजून भात घ्या" म्हणाली, त्यांना कळलं नाही.

ते गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती ताट घासता घासता म्हणाली, "बारा वर्षं दुसऱ्याले चूप राहा म्हणता. बोलाची वेळ आली, तर खोटं बोलले?"

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसनं गोंदियाला गेलो. सरांच्या खोलीत पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले. मशीनची डबी कागदात गुंडाळलेली, वर दुकानाचं नाव. परत पाठवायचं होतं. मी बसलो नाही. उभ्यानंच मोठ्यानं सांगितलं, कारण हळू सांगितलेलं त्यांना ऐकू आलं नसतं, आणि मला दोनदा सांगवलं नसतं.

"सर, सातवर कंगवा नाही. चार वर्षांपासून नाही. मी एक एक लिहून राहिलो होतो. काल तुमचं मशीन बरोबर होतं. मी खोटा होतो."

ते गप्प बसले. पाच मिनिटं. घड्याळ पाहिलं नाही, पण पाच मिनिटं किती असतात ते मला कळते. बाहेर रिक्षावाले ओरडत होते. मग त्यांनी पहिलं काम काय केलं? डबीवरचा कागद फाडला, मशीन कानात घातलं आणि म्हणाले, "म्हणजे मशीन चांगलं आहे!" आणि हसले. मला रागच आला. शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर तरी दिलं असतं.

मग हसणं थांबलं. वही ओढून घेतली. सातव्या दगडाचे चार वर्षांचे कंगव्याचे आकडे शोधून प्रत्येकावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं : 'माहिती नाही.'

"शून्य लिहा ना जी," मी म्हटलं. "आता तर मी सांगून राहिलो."

"कोणत्या सोमवारी शून्य होतं, झनकभाऊ? सगळ्याच? पहिल्या वर्षीसुद्धा?"

"पहिल्या वर्षी पोळ्याच्या आसपास एकदोनदा बोलला असन. बाकी..."

"बाकी तुम्हाला आठवत नाही, आणि मला ऐकू येत नव्हतं. शून्य असं आठवून लिहिता येत नाही. ते तिथं उभं राहून मिळवावं लागतं. तुम्ही उभे राहिलात, पाच मिनिटं दिलीत, आणि मिळालेलं टाकून दिलंत." त्यांनी वही मिटली. "पहिल्या वर्षी शून्य लिहिलं असतं ना, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघं उजेडात जाऊन बघितलं असतं, काय झालंय ते. मोजायचं ते त्याच्यासाठी."

मी वही टेबलावरच राहू दिली. म्हटलं, आता कोणी शिकलेला माणूस पाहा. आणि निघालो. जिन्यावर मागून आवाज आला, "सोमवारी येतो. मंगळवारी सकाळी माझी गाडी आहे. डाळ करायला सांगा."

सोमवारी ते आले. वही झोळ्यात होती. आम्ही दहाही दगड केले. गुडघे दुखत होते, तरी प्रत्येक ठिकाणी बूट घासले. मी पाय धुतले. सातव्या दगडावरचा आकडा शेवाळानं झाकला होता. चार वर्षं मी त्या दगडाकडे नीट पाहिलं नव्हतं. पाच मिनिटं झाली. सुतार एक. मिलवाला दोन. कंगवा...

सरांनी पेन माझ्याकडे दिलं. बॅटरी धरली. मी शून्य काढलं. गोल आलं नाही, थोडं लांबट आलं. सर वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "छान आहे."

जेवण झालं. फुलवंतानं त्या दिवशी तांदळाची भाकरी केली होती. सरांनी दोन खाल्ल्या. शेवटच्या बसला मी सोडायला गेलो. बसमध्ये चढताना त्यांनी झोळ्यातून वही काढून माझ्या हातात दिली, जशी नेहमी द्यायचे तशी. मी पान उघडलं. मला वाटलं होतं, वरचं नाव बदललं असेल. बदललं नव्हतं. बस सुरू झाली तसं आवाजानं त्रास झाला असेल, त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं. मी खिडकीखालून काहीतरी बोललो. काय बोललो ते आता सांगत नाही. त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी फक्त हात बाहेर काढून पाचही बोटं पसरून दाखवली, आणि बस वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गोंदियाहून त्यांची गाडी निघायच्या वेळेला, मी सातव्या दगडाजवळ होतो. उजेडात पाहिलं. रस्त्यावर टाकलेला मुरूम पावसानं वाहून खोलगटात बसला होता. गुडघाभर पाणी राहायचं तिथं घोटाभरही नव्हतं. काठी खुपसून मोजलं आणि वहीत माझ्या अक्षरात लिहिलं. मग दगडावरचं शेवाळ खरडलं, घरून आणलेला चुना कालवला आणि सातचा आकडा पुन्हा काढला.

पाय धुतले, आणि आठव्या दगडाकडे गेलो.